दगडूचे नाव खोडू नका

जून महिना म्हणजे दाखल्यांचा महिना. शाळेच्या कार्यालयात उभे राहायला जागा नसते. अशाच गर्दीत एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, टेम्पो चालवून घर चालवणारे. त्यांचे वडील आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले होते आणि मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांना वडिलांच्या नोंदीचा उतारा हवा होता. क्लार्कने जुने जनरल रजिस्टर काढले, धूळ झटकली, पान सापडले. गृहस्थांनी ते पाहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, दादा का नाम जरा दुरुस्त करके देते क्या?"

नोंदीत वडिलांच्या नावापुढे आजोबांचे नाव होते: दगडू.

"दाऊद लिखो ना सर. दाऊदच रहेगा, मास्तर ने दगडू लिख दिया."

मी विचारले, "घर में उनको क्या बुलाते थे?"

ते ओशाळले. "दगडूच बुलाते थे."

त्यांच्या पुतण्याने, जो थोडाफार शिकला आहे, त्यांना सांगितले होते की हे मुसलमानाचे नाव नव्हे. हा कागद कुठे दाखवला तर लोक म्हणतील, हे कालपरवा मुसलमान झालेले दिसतात. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, जुन्या रजिस्टरमधले नाव असे कुणाच्या मर्जीने खोडता येत नाही. दुसरी, येत असते तरी मी खोडले नसते. का, ते तिथे गर्दीत सांगता आले नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. मेसेज होता की मध्ययुगात आठ कोटी हिंदू कापले गेले आणि उरलेल्यांतले जे भ्याले ते मुसलमान झाले. त्याच आठवड्यात आमच्या भागात जलसा झाला. वक्ते म्हणाले, ख्वाजा अजमेरींच्या हातावर नव्वद लाख लोकांनी कलमा पढला. मंडपात "सुभानल्लाह"चा गजर झाला.

टेम्पोवाल्याचा पुतण्या, मेसेज पाठवणारा आणि जलशातले वक्ते, हे तिघे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत. पण तिघांचे गृहीतक एकच आहे. माणसे एका रात्रीत बदलतात, असे तिघांनाही वाटते. एकजण म्हणतो तलवारीने, दुसरा म्हणतो करामतीने, तिसरा म्हणतो मुसलमान झाला की त्याच दिवशी नाव, भाषा, पोशाख, सगळे बदलायलाच हवे होते. माझे म्हणणे असे की तिघेही चुकीचे आहेत, आणि ही चूक भावनेने नव्हे, मोजून दाखवता येते.

बुखारींच्या वडिलांचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील

गेलेल्या समाजाचा बदल मोजायचा कसा? तेव्हा जनगणना नव्हती. कुणी घरोघर जाऊन धर्म विचारला नव्हता. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी यावर एक साधी युक्ती काढली. १९७९ साली त्यांचे मध्ययुगातील इस्लामस्वीकारावरचे छोटेसे पुस्तक आले. त्याच्या उपशीर्षकातच त्यांनी हा संख्यात्मक इतिहासाचा निबंध असल्याचे सांगितले आहे.

मध्ययुगीन मुस्लिम शहरांत उलेमांचे चरित्रकोश लिहिले जात. निशापूरसारख्या शहरातला अमुक आलिम, त्याचे उस्ताद कोण, शागीर्द कोण, वारला केव्हा, आणि त्याचा नसबनामा, म्हणजे अमुक बिन तमुक बिन ढमुक. बुलिएट यांनी या नसबनाम्यांकडे लक्ष दिले. इराणमधल्या वंशावळीत मागे मागे जाताना एका पायरीवर अरबी-इस्लामी नावे संपतात आणि फारसी नाव येते. जिथे पहिले इस्लामी नाव दिसते तिथे त्या घराण्याने धर्म बदलला, असे त्यांनी धरले.

उदाहरण आपल्या ओळखीचेच घेऊ. सहीह बुखारीचे संकलक इमाम बुखारी. नाव मुहम्मद बिन इस्माईल बिन इब्राहीम बिन मुगीरा बिन बर्दिज़बह. हे बर्दिज़बह नाव अरबी नाही. ते अग्निपूजक होते, असे आपलीच चरित्रे सांगतात, आणि त्यांचा मुलगा मुगीरा बुखाऱ्याच्या राज्यपालाच्या हातावर मुसलमान झाला. इमामसाहेबांचा जन्म इसवी ८१० चा. पिढी तीस-पस्तीस वर्षांची धरून तीन पिढ्या मागे जा: मुगीरांचा जन्म आठव्या शतकाच्या सुरुवातीचा येतो. अरब सैन्याने बुखारा जिंकला तोही याच सुमारास, ७०९ मध्ये. एका ओळीच्या नावात एका घराण्याच्या बदलाची तारीख लपलेली आहे. इमाम अबू हनीफांचेही तेच. नुअमान बिन साबित बिन ज़ूता. ज़ूता हे नावही अरबी नव्हे.

आता टेम्पोवाल्याच्या पुतण्याला विचारतो. इमाम बुखारींनी पणजोबांचे वडील 'बर्दिज़बह' नसबनाम्यातून खोडून 'बद्रुद्दीन' केले का? चौदाशे वर्षांच्या हदीसशास्त्रात सर्वांत मोठ्या मानल्या गेलेल्या माणसाला ज्याची लाज वाटली नाही, ती आपल्याला 'दगडू'ची का वाटावी?

वक्ररेषा काय सांगते

बुलिएट यांनी अशा शेकडो वंशावळी घेतल्या आणि कुठल्या काळात किती घराण्यांनी धर्म बदलला याची बेरीज करत नेली. कागदावर जी रेषा आली ती इंग्रजी 'एस' अक्षरासारखी. सुरुवातीला बराच काळ जमिनीलगत रांगणारी, मग झपाट्याने चढणारी, शेवटी पुन्हा सपाट.

ही रेषा नवी नाही. समाजशास्त्रात ती आधीपासून ओळखीची होती. १९४३ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसकसे स्वीकारले याचा अभ्यास झाला. पुढे १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी त्यावरून वर्गवारी मांडली: धाडस करणारे पहिले अडीच टक्के, त्यांच्या मागचे साडेतेरा टक्के, मग चौतीस, पुन्हा चौतीस, आणि शेवटचे सोळा. आपल्याकडे ज्यांनी संकरित ज्वारी आलेली पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. आधी एकजण पेरतो, गाव हसते. दोन हंगाम सगळे त्याच्या बांधावरून जाता-येता पाहतात. मग एकदम अर्धे गाव पेरते. एखादा म्हातारा मात्र अखेरपर्यंत गावरानच पेरतो. बुलिएट यांनी हेच गणित धर्मबदलाला लावले.

निकाल काय आला? इराणमधली सासानी सत्ता ६५१ साली संपली. पण त्यानंतर शंभर वर्षांनी, उमय्या घराणे पडले तेव्हा, इराणमध्ये मुसलमान झालेल्यांचे प्रमाण जेमतेम दहा टक्के. नवव्या शतकाच्या मध्यास सुमारे चाळीस टक्के. शंभरच्या जवळ जायला अकरावे शतक संपत आले. म्हणजे सत्ता बदलायला पंधरा-वीस वर्षे लागली आणि समाज बदलायला चारशे.

'तलवारीने' म्हणणाऱ्यांनी या रेषेकडे नीट पाहावे. तलवार हे कारण असते तर रेषा कुठे चढली असती? जिंकल्याबरोबर, जेव्हा सैन्य दारात होते तेव्हा. प्रत्यक्षात ती दीडशे-दोनशे वर्षांनंतर चढली. 'करामतीने' म्हणणाऱ्यांनीही पाहावे. मने एका क्षणात पालटत असती तर 'एस' तयारच झाला नसता, सरळ उभी भिंत दिसली असती.

हीरच्या माहेरची गोष्ट

कुणी म्हणेल, इराणचे आम्हाला काय? म्हणून आपल्या उपखंडातले उदाहरण. पंजाबात झंगच्या बाजूला सियाल नावाची बिरादरी आहे. हीर-रांझामधली हीर याच सियालांची लेक. आम्ही बाबा फरीदांच्या हातावर मुसलमान झालो, असे हे लोक सांगतात. बाबा फरीद वारले १२६५ मध्ये.

इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी सियालांच्या वंशावळीतली पुरुषांची नावे तपासली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीस मुस्लिम नावे असलेले पुरुष दहा टक्के. सतराव्या शतकाच्या मध्यास छप्पन्न टक्के. अठराव्याच्या मध्यास पंचाहत्तर. शंभर टक्के व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. बाबांच्या वफातीनंतर साडेपाचशे वर्षे!

मधल्या काळात हे लोक काय होते? त्यांना विचारले असते तर 'आम्ही बाबांचे' म्हणाले असते. दर्ग्याला जात असतील, लग्न जुन्या रीतीने करत असतील, मुलाचे नाव आजोबांवरून ठेवत असतील. अमुक दिवशी आपण 'धर्मांतर' केले, असे त्यांच्यातल्या बहुतेकांना कधी वाटलेच नसेल.

बंगालचेही तसेच. १८७२ च्या जनगणनेत इंग्रज अधिकाऱ्यांना दिसले की बंगालमधले मुसलमान सर्वांत जास्त आहेत ते नवाबांच्या राजधान्यांभोवती नव्हे, तर पूर्वेकडच्या खेड्यापाड्यांत, शेतकऱ्यांत. उलट दिल्ली-आग्र्याच्या पट्ट्यात, जिथे तलवार सर्वांत जास्त काळ होती, तिथे मुसलमान अल्पसंख्यच राहिले. ईटन यांनी १९९३ च्या पुस्तकात बंगालचा हा बदल जंगलतोड आणि भातशेतीच्या विस्ताराशी जोडून दाखवला आहे. तलवारवाल्यांनी हा नकाशा एकदा समोर ठेवून बोलावे.

आठ कोटी आणि नव्वद लाख

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक संख्याशास्त्र होते. मध्यमान, मध्यांक, बहुलक. परीक्षा झाली की विसरायचे, अशीच रीत. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली: आकडा समोर आला की आधी विचारा, मोजले कुणी, कधी आणि काय.

आठ कोटींचा उगम के. एस. लाल यांच्या १९७३ च्या पुस्तकात आहे. सन १००० ते १५०० या काळात हिंदूंची संख्या सुमारे आठ कोटींनी घटली, असा त्यांचा अंदाज होता. सन १००० मध्ये हिंदुस्थानात किती माणसे होती हे कुणी मोजले होते? कुणीही नाही. देशाची पहिली जनगणना १८७२ ची. सुरुवातीचा आकडा अंदाजाचा, शेवटचा अंदाजाचा, आणि त्यांच्या वजाबाकीला म्हणायचे इतिहास! सायमन डिग्बी आणि इरफान हबीब यांनी तेव्हाच याच मुद्द्यावर बोट ठेवले. जनगणनेपूर्वीची लोकसंख्या अंदाजानेच सांगता येते, हे स्वतः लाल यांनीही पुस्तकात मान्य केले आहे. पण ती कबुली कुणी फॉरवर्ड करत नाही. 'घट' फॉरवर्ड होता होता 'कत्तल' होते.

आता आपल्या घरातला आकडा. ख्वाजासाहेबांबद्दल माझ्या मनात अपार अदब आहे. त्यांची वफात १२३६ ची. अजमेरमधला त्यांचा मुक्काम पंचेचाळीस वर्षांचा धरू. नव्वद लाख भागिले पंचेचाळीस वर्षांचे दिवस. उत्तर येते रोज सुमारे साडेपाचशे माणसे. एकही दिवस सुट्टी नाही, ईदचीही नाही, आजारपण नाही. सातवीतला मुलगा हा भागाकार करू शकतो. मग मंडपातल्या हजार माणसांपैकी एकालाही तो का करावासा वाटला नाही? कारण आकडा आपल्या बाजूचा होता. दुसऱ्याच्या आकड्याला पुरावा मागायचा आणि आपल्या आकड्याला सुभानल्लाह म्हणायचे, हे चालणार नाही. आणि एक लक्षात घ्या, आठ कोटीवाल्यांना सर्वांत जास्त मदत होते ती या नव्वद लाखांची. "तुमचेच लोक सांगतात की एवढे बदलले," असे म्हणायला ते मोकळे होतात.

मोजण्याच्या मर्यादा

मी आकड्यांचा भक्त नाही. म्हणून बुलिएट यांच्या पद्धतीतल्या उणिवाही सांगतो. नाहीतर मीही त्या वक्त्यांसारखाच ठरेन.

पहिली, चरित्रकोशांत आहेत ते शहरातले, शिकलेले, बऱ्या स्थितीतले लोक. खेड्यातला मेंढपाळ तिथे नाही. दुसरी, जे मुसलमान झालेच नाहीत त्यांचे वंशज या कोशांत येणारच नाहीत. त्यामुळे रेषा शेवटी शंभराला टेकणार हे आधीच ठरलेले आहे. ते शंभर टक्के साऱ्या इराणचे नव्हेत, जी घराणी कधी ना कधी बदलली त्यांचे आहेत. तिसरी, नाव बदलले म्हणजे मन बदलले असे नाही. मन बदलले म्हणजे नाव बदलले असेही नाही. चौथी उणीव मला सर्वांत जास्त टोचते. या वंशावळींत बाईच नाही. बिन, बिन, बिन! अंगाई कुठल्या भाषेत गायली गेली, ताटात काय पडले, मुलाला घरात कुठल्या नावाने हाक मारली, हे ठरवणारी जी, तिची नोंद शून्य. आपल्या राज्याने नावात आईचे नाव घालायचा नियम केला तोही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी. एक हजार वर्षांनी कुणी आपला समाज मोजायला बसला तर त्याला निदान तिथून पुढे आया सापडतील.

आणि सर्वांत मोठी मर्यादा: रेषा 'केव्हा' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. कुणी कर वाचवायला, कुणी दरबारी नोकरीसाठी, कुणी लग्नासाठी, कुणी एखाद्या फकिराच्या प्रेमापोटी, कुणी जातीच्या जाचातून सुटायला गेला असेल. जबरदस्ती झाल्याचे प्रसंगही इतिहासात आहेत. ते नाकारणे हा खोटेपणा होईल. पण चारशे वर्षांच्या चढाला एकच कारण लावणे, मग ते तलवारीचे असो की करामतीचे, हा आळशीपणा आहे.

जलशातले काही मित्र म्हणतील, "सर, इमान ही दिलातली गोष्ट. ती तुम्ही फूटपट्टीने मोजता?" नाही भाई. इमान मोजायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. म्हणूनच तर मी म्हणतो की दगडूचे इमान त्याच्या नावावरून तुम्हीही मोजू नका.

आपले रजिस्टर

आमच्या शाळेतली जुनी रजिस्टरे मी दुपारच्या सुट्टीत चाळतो. जुन्या पानांवर बाबू, दगडू, धोंडू, मलंग, दावल, चाँदबी, हुसेनबी. पुढे सलीम, युनूस, मुमताज, शहनाज. आणि आता माझ्या वर्गात अरहान, आयान, इनाया, अनाबिया. आडनावे मात्र तीच: मुलाणी, तांबोळी, आतार, शिकलगार, पाटील. मूल जगत नसे तेव्हा ते दगडासारखे टिको म्हणून 'दगडू' नाव ठेवायचे, ही रीत शेजारच्या मराठा घरात होती आणि आपल्याही. त्या नावात कुफ्र नव्हते, एका आईची धास्ती होती. आज 'अनाबिया' ठेवणाऱ्या आईलाही तेच हवे आहे, मूल सलामत राहावे. निशापूरच्या चरित्रकोशात जे आहे तेच आमच्या लोखंडी कपाटात आहे. फरक इतकाच की ते कुणी मोजलेले नाही.

आणि हा नुसता इतिहासाचा शौक नव्हे. त्या टेम्पोवाल्याच्या वडिलांच्या नोंदीत दगडू या नावाशेजारी जातीच्या रकान्यात लिहिले होते: मुसलमान पिंजारी. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि ही नोंद त्याआधीची होती. 'दगडू'चा 'दाऊद' केला असता तर बाकीच्या कागदांवरचा दगडू आणि या कागदावरचा दाऊद हा एकच माणूस, हे सिद्ध करत त्यांचा मुलगा वर्षभर हेलपाटे घालत बसला असता. कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून सगळ्या राज्यात मोडीतली दप्तरे उघडली गेली, ते आपण पाहिले. एका शब्दाची किंमत काय असते ते त्या समाजाने ओळखले. आपण मात्र आपल्याच हाताने शब्द खोडायला निघालो आहोत.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. आपल्या सात पिढ्यांची नावे लिहून काढा. दादी-नानी अजून असतील तर आजच विचारा, आणि बायकांचीही नावे घ्या. घरातले जुने निकाहनामे, सातबारे, शाळेचे दाखले, कबरीवरचे दगड यांचे फोटो काढून ठेवा. जसे लिहिले आहे तसेच ठेवा, 'सुधारू' नका. गावोगावी असे कुणी केले तर दख्खनचा मुसलमान कधी, कसा, किती हळू घडला याची रेषा आपण स्वतः काढू शकू. मग आठ कोटींना उत्तर द्यायला आपल्याला नव्वद लाखांची गरज उरणार नाही.

त्या दिवशी गृहस्थांना मी उतारा दिला, शिक्का मारला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सर, ये दगडू नाम से कुछ अडचन तो नहीं आएंगी ना?"

"नहीं चाचा," मी म्हटले. "इसी नाम से तो काम होना है."